पाळ आमची, तुडुम आमचं

मोह गळायला लागला की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, वासानं. नाही हो, रागानं.

नागपूरच्या प्रताप नगरात आमच्या ले-आउटच्या पाण्याच्या टाकीमागं एक मोहाचं झाड आहे. प्लॉट पडायच्या आधी इथं कुणाचं तरी वावर असणार, त्याच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं ते. फागुन सरत आला की पहाटेपासून त्याची फुलं सिमेंटच्या रस्त्यावर टपटपायला लागतात. पिवळट, रसानं भरलेली, बोटानं दाबली की चिकट होणारी. झाडणारी बाई खराट्यानं ती ढकलत नेऊन कचऱ्यात टाकायची. पहिल्या वर्षी मी तिच्याशी भांडले. दुसऱ्या वर्षापासून तिच्या आधी मीच टोपली घेऊन जायला लागले. समोरच्या वहिनी गॅलरीतून विचारतात, "काय मॅडम, दारू गाळता की काय?" मी म्हणते, "हो, संध्याकाळी या प्यायला." त्या हसत आत जातात. मला काही हसू येत नाही. मोहाचं नाव निघालं की लोकांना दारूच कशी आठवते, हा माझा जुना तंटा आहे.

याच दिवसांत आमच्या ले-आउटची वार्षिक सभाही असते. वीस-पंचवीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येकाला एक समोसा. सेक्रेटरी भराभर वाचतात आणि दर विषयाच्या शेवटी मान वर न करता म्हणतात, "कोणाचा विरोध? नाही. मंजूर." मी दरवर्षी उभी राहते. म्हणते, थांबा, कुणी हो म्हटलेलं मला ऐकू आलं नाही. "मॅडम, तुमचं दरवर्षीचंच आहे." हो, दरवर्षीचंच आहे. मरेपर्यंत राहील. या एका वाक्यापायी एका उन्हाळ्यात आमची बोडी आमच्या हातून जाणार होती, आणि तिथं बसलेल्या सगळ्यांत ते मला एकटीला कळत होतं.

आमचा टोला, म्हणजे पाडा, कुहीच्या पलीकडे. तेव्हा, म्हणजे सत्तरनंतरच्या त्या सालांत, एसटी कुहीपर्यंत नेऊन सोडायची, पुढं पायपीट. एकोणतीस घरं, सगळी गोंडांची. टोल्याच्या उशाला बोडी, म्हणजे लहानसा तलाव, आणि बोडीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे. ही बोडी आमच्या आज्याच्या आज्यांनी बांधलेली. मातीची पाळ, आणि पाळीच्या पोटात तुडुम. तुडुम म्हणजे पाणी सोडायचं दार. सागाचा दट्ट्या वर ओढला की पाणी पाटात येतं, खाली ठोकला की बंद. दट्ट्या कोणाच्या हातात, त्यावर कोणाच्या घरात भात शिजणार हे ठरायचं. आधीच्या पावसाळ्यात पाळ मधोमध फुटली. बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. त्या साली धान झालं नाही. दिवाळीनंतर अकरा घरांची माणसं नागपूरला इमारतींच्या कामावर निघून गेली, दारांना काटक्या बांधून. अजून एक साल असं गेलं असतं तर टोला उठलाच असता. घरं ओस पडायला काय लागतं? एक उन्हाळा पुरतो.

मी बावीस वर्षांची होते. नागपूरच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाले, मास्तरकीचा कोर्स केला आणि नेमणुकीच्या आदेशाची वाट बघत घरी आले होते. पहाटे आईबरोबर मोह वेचायला जायचं. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं. कुंपण नाही, पाटी नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेला असायचा. त्या स्वच्छ मातीवर फुलं पडायचा आवाज येत राहायचा, बारीक, ओलसर. ऊन चढलं की फुलं गळायची थांबत. मग डोक्यावर टोपल्या घेऊन परत, अंगणात वाळत घालायचं, नि पेज पिऊन उरलेल्या कामाला लागायचं. अंगाला, केसांना, गोधडीला, सगळ्याला तो गोड आंबूस वास. वसतिगृहातल्या मुली या वासावरून मला चिडवायच्या. मी साबणानं घासून घासून आंघोळ करायचे तेव्हा. लाज वाटते आता त्या आंघोळींची.

अशाच एका सकाळी साहेब जीपनं आले. तालुक्याचे साहेब, माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. चिचेच्या झाडाखाली आम्ही जमलो. काही जणांच्या टोपल्या अजून डोक्यावरच होत्या. साहेबांनी कागद वाचला. बोडी गट ग्रामपंचायतीच्या ताब्यात द्यायची, मग सरकारी ठेकेदार पाळ दुरुस्त करील, आणि पुढं पाणी कुणाला, केव्हा, किती, हे पंचायत ठरवील. पंचायत म्हणजे दोन मैलांवरचं मोठं गाव आणि तिथले पाटील. बोडीच्या अगदी तोंडाशी, म्हणजे तुडुमाला लागून, पाटलांनी आधीच पाच बांध्या घेऊन ठेवल्या होत्या. आमच्या टोल्याचा पंचायतीत एक मेंबर होता. त्याला बैठकीचा निरोप बैठक झाल्यावर मिळायचा.

साहेबांनी विचारलं, "कोणाचा विरोध आहे का? असेल त्यांनी हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. साहेबांनी पेन काढलं, जीपच्या बॉनेटवर वही ठेवून दोन ओळी लिहिल्या, चहा घेतला आणि गेले. सगळं मिळून अर्धा तास.

आता हे समजून घ्या. आमच्यात प्रश्न आला की त्या दिवशी त्याचं उत्तर द्यायचं नसतं. पहिल्या दिवशी नुसतं ऐकायचं. लगेच तोंड उघडणाऱ्याला लोक हलका समजतात. म्हणतात, यानं विचारलेलं नीट ऐकलंच नाही. प्रश्न घरी न्यायचा, घरच्या म्हातारीपुढं ठेवायचा, त्याच्यासंग एक झोप काढायची. दुसऱ्या बैठकीत बोलायचं, तिसऱ्या बैठकीत भांडायचं. आणि शेवटी हो असो की नाही असो, घरटी एकानं ते आपल्या तोंडानं सगळ्यांपुढं म्हणायचं. एक घर जरी गप्प राहिलं तरी बैठक उठायची नाही. गप्प राहणं म्हणजे 'अजून ठरलं नाही'. एवढा साधा कायदा. त्यामुळं जीपची धूळ खाली बसली तेव्हा टोला खूश होता. बाबा म्हणाले, "साहेब भला माणूस आहे. काहीच घाई केली नाही. आता आपण बसू, ठरवू, मंग त्याले सांगू." बैठक बोलवायचं काम पिढ्यांपासून आमच्या घराकडे होतं.

आणि मी? मला माहीत होतं. वसतिगृहात रेक्टरबाई दर शनिवारी विचारायच्या, "कुणाची तक्रार नाही ना?" आम्ही गप्प. "छान!" म्हणून त्या लिहून टाकायच्या, तक्रार नाही. त्या लोकांत गप्प राहणं म्हणजे हो, हे मी आठ वर्षं शिकले होते. साहेबांचं पेन वहीवर चाललं तेव्हाच ते काय लिहितात हे मला कळलं. पण बाबा बोलले नव्हते, म्हातारे बोलले नव्हते; त्यांच्याआधी मी कशी बोलणार? त्यातून एक चोरटा विचारही होता. माझ्या नेमणुकीचा कागद याच साहेबांच्या कचेरीतून यायचा होता. खोटं कशाला बोलू, तोही विचार होता. मी टोपली सावरली नि मान खाली घातली.

पुढचे तीन दिवस बैठकी चालल्या. मोह वेचून आल्यावर बसायचं, ऊन डोक्यावर आलं की उठायचं. नागपूरला गेलेल्या घरांचं बोलायला, रीतीप्रमाणं, त्यांचे भाऊबंद बसले. अठ्ठावीस घरांचं एक झालं की बोडी द्यायची नाही, पाळ आपणच बांधायची. एकोणतिसावं घर जनाआत्याचं. ही बाबांची चुलतबहीण, विधवा, जीभ कात्रीसारखी. तिची बांधी सगळ्यांत खाली, पाटाच्या शेपटाला. ती म्हणाली, "बोडी पाटलाच्या हाती गेली काय नि तुह्या हाती राहिली काय, मले काय फरक पडते, सांग? माह्या बांधीत पाणी येतेच कधी? तुही बांधी तोंडाशी. तू पोटभर पेतोस, मंग ढेकर देतोस, मंग मले पाठवतोस. थेंबभर!"

बाबा गोरेमोरे झाले. खरं होतं. आपल्याच माणसांचे गोडवे गाताना लोक हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. आमच्यातही तोंड होतं, शेपूट होतं, आणि तोंडाशी आमचं घर होतं. दोन दिवस आत्या हटली नाही. म्हणाली, पाणी शेपटापासून सुरू करायचं. आधी माझी बांधी भरेल, मग वरची, मग त्याच्या वरची, सगळ्यांत शेवटी तुडुमाजवळची. असं ठरत असेल तर माझ्या घराचं हो. कुणी म्हणालं, आजवर असं कधी झालं नाही. ती म्हणाली, "आजवर पाळ फुटली होती काय?" बायकांत खसखस पिकली. तिसऱ्या दिवशी बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "माह्या घराचं हो. शेपटापासून." त्या दिवशी मी बाबांकडं जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान वाक्यात देऊन टाकलेली मी आधी पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी नामदेवदादा आले. मोठ्या गावच्या बौद्ध वस्तीतले, पंचायतीचे मेंबर. त्यांच्या वस्तीच्या दोन बांध्या आत्याच्या बांधीला लागून, तीही शेपटाचीच माणसं. उन्हातून चालत आले होते. पाणीही न पिता म्हणाले, "काय करून बसले गा तुम्ही? बोडी देऊन टाकली?"

"कोणं देली?" बाबा म्हणाले.

"ठराव झाला. म्या सोताच्या डोयानं वाचला. विरोध नाही, सर्वानुमते मंजूर."

"पण हो कोणं म्हटलं?"

"कोणी नाही म्हटलं नाही, म्हणजे हो झालं. त्याईच्या कायद्यात असंच असते, दादा."

 बाबा माझ्याकडं वळले. "तुले मालूम होतं काय?"

"होतं."

"मंग काहून नाही बोलली वं?"

"तुम्ही कोणी बोलले नाही. मंग मी कशी बोलू?"

"आमाले मालूम नव्हतं म्हणून आमी नाही बोललो," बाबा शांतपणे म्हणाले. "तुले तं मालूम होतं."

त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. इतकी वर्षं झाली, मुलं शिकवली, रिटायर झाले, पण हे वाक्य अजून आतून टोचतं. शिकलेल्या माणसाचं गप्प राहणं अडाण्याच्या गप्प राहण्यासारखं नसतं. ते चक्क सही करणं असतं. मी त्या सकाळी सही केली होती.

नामदेवदादांनीच वाट सांगितली. "कागदाले कागदानंच मारा लागते. ठरावाची नक्कल मागा, अर्ज द्या. नि तवरोक माती टाकणं सुरू करा. बांधलेली पाळ कोण उचलून नेते पाहू." अर्ज मी लिहिला. माती दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली.

काय उन्हाळा होता तो! पहाटे मोह, मग माती. घरटी एक माणूस रोज. नागपूरला गेलेल्यांना निरोप गेले. अकराही घरं परत आली, दारांच्या काटक्या सुटल्या. बौद्ध वस्तीतली माणसं आपापली घमेली घेऊन आली. खिंडाराचा पाया घट्ट जमीन लागेपर्यंत खाली नेला. गवताचं एक मूळसुद्धा ठेवायचं नाही, ते सडलं की पाणी तिथूनच वाट काढतं, हे मला अंगठेबहाद्दर म्हाताऱ्यांनी शिकवलं. बोडीच्या तळाची काळी माती खणायची, ढेकळं फोडायची, वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपायचं, तुडवायचं. मग पुढचा थर. आधी बैल फिरवले. पण पाळ वर आली तशी बैलांना जागा पुरेना. मग बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात घातले, रांग धरली आणि गाणं सुरू केलं. दोन पावलं पुढं, एक मागं, टाच आपटून. पंचवीस बायका एका तालात. माती अशी बसायची की पहार आत जात नसे.

ठेकेदाराचा माणूस एकदा बघायला आला नि तालुक्याला जाऊन सांगून आला, की ते लोक मोहाची पिऊन पाळीवर नाचत आहेत. आम्ही नाचत नव्हतो, पाळ दाबत होतो. बरं, नाचतही होतो! त्यात तुमच्या बापाचं काय गेलं? काम करताना रडलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

मध्यंतरी नागपुरात एका सभागृहात मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. आदिवासींची क्षमता कशी वाढवायची, असा विषय. गार हवा, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर रंगीत तक्ते. एक तरुण गृहस्थ फार कळकळीनं सांगत होते, की या समाजाला एकत्र बसून निर्णय घ्यायला शिकवावं लागेल, पाण्याचं नियोजन शिकवावं लागेल. मी ऐकत होते. म्हटलं, बाबा रे, ज्या शहरात बसून तू हे बोलतोस ते शहर गोंड राजानं वसवलंय. आम्हाला एकत्र बसता येतं. बसू द्यायला तुम्हाला वेळ नसतो, एवढंच. आमची बैठक चार दिवस चालते म्हणून आम्ही मागासलेले, आणि तुमची अर्ध्या तासात उरकते म्हणून तुम्ही पुढारलेले? सभागृह गप्प झालं. त्या गप्प राहण्याचा अर्थ मी त्यांच्या रीतीनं लावला नाही. आमच्याच रीतीनं लावला: अजून ठरलं नाही.

पाळ छातीएवढी झाली तेव्हा साहेब परत आले. या वेळी पाटीलही जीपमध्ये होते. काम थांबलं. सगळे पाळीवर, हातात घमेली, पायांना काळी माती.

"हे कोणाच्या परवानगीनं चाललंय?" साहेबांनी विचारलं. कुणी बोललं नाही. "तुमचा पुढारी कोण? एकानं पुढं या." कुणी हललं नाही. प्रश्न नवा होता, आणि पहिलाच दिवस होता. मी बघत होते. साहेबांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं.

 मी तोंड उघडलं. "साहेब, लिहू नका. आमच्यात गप्प राहणं म्हणजे हो नसतं."

त्यांनी मला निरखून पाहिलं. "तू ती कोर्स केलेली ना? तुझ्या नेमणुकीचा कागद माझ्या टेबलावर आहे, माहीत आहे?"

"माहीत आहे. असू द्या."

"मग सांग, तुझं म्हणणं काय आहे?"

"माझ्या एकटीचं नाही. तुम्ही त्या दिवशी जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर तयार आहे. घरटी ऐकावं लागेल." मग मी पाळीकडं वळले आणि आमच्या बोलीत ओरडून सांगितलं, की हा तोच जुना प्रश्न आहे, नवा नाही, बैठक झालेली आहे, बोला.

आत्या सगळ्यांत आधी पुढं आली. "मी जना. माह्या घराचं नाही." तिच्यामागून दुसरं घर. "माह्या घराचं नाही." तिसरं. चौथं. साहेब म्हणाले, "कळलं, कळलं." पण कुणी थांबेना. आमच्यात मध्येच 'कळलं' म्हणता येत नाही. सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. ऊन चढत होतं. साहेबांच्या शर्टाची पाठ भिजली. पाटील जीपच्या सावलीत सरकले. एक बहिरा म्हातारा होता, त्याला कानाशी ओरडून सांगितलं, तो एवढ्या मोठ्यानं "नाही!" म्हणाला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. शेवटी बाबा. "माह्या घराचं नाही. बोडी आमची आहे. पाळ आमी बांधून राहिलो, बांधूनच थांबू." बाबांनी घराचं सांगितलं होतं, म्हणजे माझंही आलं. तरी मी म्हणाले. "नाही." मला ते माझ्या तोंडानं म्हणायचंच होतं. तोंडातून शब्द गेला आणि पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा श्वास पुरता छातीत उतरला.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, झालेला ठराव असा रद्द होत नसतो. आणि गेले. नंतर नामदेवदादांनी पाठपुरावा करून नक्कल मिळवली, तेव्हा जुन्या ठरावाखाली एक ओळ वाढलेली होती: काही ग्रामस्थांनी नाराजी व्यक्त केली. एकोणतीसपैकी एकोणतीस घरं म्हणजे 'काही ग्रामस्थ'! वाचून आत्या म्हणाली, "याले मोजता येत नाही का वं? नि हा साहेब?" माझी नेमणूक दोन वर्षं आली नाही. आली ती थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. गेले. शिकवलं. कुणापुढं रडले नाही.

ठेकेदार काही आला नाही. त्याच्यासाठी आम्ही काम शिल्लकच ठेवलं नव्हतं. रोहिणीच्या आधी पाळ पुरी झाली. आषाढात बोडी भरली, तेव्हा एका जागी पाळीला ओल फुटली. चार दिवस आम्ही आळीपाळीनं तिथं बसून चिकणमाती ठोकत होतो. पाळ टिकली. पण कागदावर तुडुम अजून पाटलांच्या पंचायतीच्याच हातात होतं, आणि तो कागद ते केव्हा काढणार याची सगळ्यांनाच धाकधूक होती.

कागद निघाला भादव्यात. पंधरा दिवस पाऊस नव्हता. धान पोटरीत आलेलं, आता पाणी नाही मिळालं तर दाणा भरणार नाही अशी वेळ. पाटील माणसं घेऊन आले. एकाच्या डोक्यावर खुर्ची होती. चिचेखाली खुर्ची मांडून ते बसले आणि कागद बाबांपुढं धरला. "पंचायतीचा ठराव आहे. दट्ट्या ओढा. आधी माझ्या बांध्या."

मला वाटलं, आता हाणामारी होते. बाबा हात जोडून म्हणाले, "पाटील, पाण्याले कोण नाही म्हणते? तुमच्या बांध्या बोडीखालीच आहेत. पाणी तुमचंही आहे. पण हा प्रश्न आज आला. आज आमी ऐकून घेतो. बसा. उद्या बोलू."

"उद्या? धान करपून राहिलं तिकडं!"

"आमचंही करपून राहिलं," आत्या म्हणाली.

ते संतापून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, कारण येण्यावाचून इलाज नव्हता. बोडीच्या पाळीवर एकोणतीस घरं बसलेली, शेजारी बौद्ध वस्ती. त्या दिवशी सगळे बोलले, खालच्या बांधीपासून वरच्या बांधीपर्यंत. पाटलांना सगळं ऐकावं लागलं. आणि एक सांगते, आम्ही त्यांना असं ऐकवत बसवलं होतं तेव्हा दट्ट्या केव्हाचाच वर ओढलेला होता, आणि पाट शेपटाकडं वाहत होता. आत्याची बांधी भरली. नामदेवदादांच्या वस्तीच्या दोन्ही भरल्या. पाणी एक एक बांधी वर चढत होतं. आमच्या बैठकीला वेळ लागतो, हे आधीच सांगितलं आहे.

तिसऱ्या दिवशी पाटील आले ते खुर्ची न आणता. कदाचित खुर्ची वाहणारा माणूसच आला नसेल. त्याची बांधीही शेपटाकडं होती. ते थोडा वेळ उभे राहिले, कुणी उठून जागा दिली नाही, कारण जागा भरपूर होती. मग ते धोतर सावरून आमच्यात खाली बसले. बाबांच्या बांधीवर पाणी पोचलं होतं. त्यानंतर पाटलांच्याच बांध्या होत्या.

"बोला पाटील," बाबा म्हणाले. "तुमच्या घराचं काय?"

"शेपटापासून. कबूल," पाटील पुटपुटले.

"मोठ्यानं बोला," आत्या म्हणाली.

"माझ्या घराचं हो! शेपटापासून!"

बाबा उठायला लागले. म्हणाले, झालं, सगळ्यांनी ऐकलं. मी म्हणाले, "नाही बाबा, थांबा. हे लिहायचं." म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोंडाचा शब्द कागदावर कशाला? बाबांनी माझ्याकडं पाहिलं नि मान हलवली. मी शाळेची दोनरेघी वही मांडीवर घेतली. 'सर्वानुमते' असलं काही लिहिलं नाही. एकेक नाव लिहिलं, त्याच्यापुढं त्याचं म्हणणं, जसं उच्चारलं तसं. पहिलं नाव जनाआत्याचं. मग नामदेवदादा आणि त्यांची वस्ती. मग टोल्यातली घरं, खालून वर. प्रत्येकाला त्याची ओळ वाचून दाखवली, अंगठा घेतला. तीन पानं भरली. पाटलांनी खिशातून आपलं झरणीचं पेन काढलं आणि पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात सही करायला वही ओढली.

मी वही सोडली नाही. तिसरं पान उलटलं, शेवटची ओळ दाखवली.

"इथं, पाटील. तुमची बांधी तोंडाशी आहे ना? मग तुमचा नंबर शेवटचा."

त्यांनी सही केली.